चांदणीची मोजणी

सुभेदारांच्या घरात ‘छान’ म्हणायला बंदी होती. शिवी चालायची, जांभई चालायची, पण ‘छान’ नाही. जेवताना त्यांच्या धाकट्या सुनेनं “आमटी कशी झालीया?” असं विचारलं आणि मी सवयीनं “छान” म्हणालो, की ओसरीवरून आवाज यायचा, “छान म्हंजे काय? खारट हाय का आळणी? जीभ भाड्यानं दिलीया व्हय कुणाला?”

सूनबाई हसू दाबत आत पळायच्या आणि मी आमटीकडं बघत बसायचो. खारट आहे की आळणी, हे मला खरोखरच सांगता यायचं नाही.

मी त्यांचा भाडेकरू. मोजणी खात्यात नोकरी, कडेगावला बदली, बायको-मुलं साताऱ्याला. खोली बघायला गेलो ती दिवेलागणीला, आणि त्यात वीज गेलेली. मेणबत्तीच्या उजेडात माडीवरची खोली झकास वाटली. हवेशीर, शांत. मी जागच्या जागी होकार दिला. जमिनी मोजणाऱ्या माणसानं खोली अंधारात पसंत करावी, यातच माझी एकंदर लायकी आली. सकाळी डोळे उघडले तर उशाला भगभगीत नारिंगी भिंत, पायथ्याला जांभळी आणि दोन्ही अंगांना पोपटी. वाटलं, ताप चढलाय. कपाळाला हात लावूनही पाहिला.

खाली आलो तर सुभेदार चहा पीत होते. अंगात मोरचुदासारखा निळा शर्ट, डोक्याला गुलबक्षी फेटा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. फिकट शर्ट, त्याहून फिकट पँट, चपलाही त्याच जातीच्या.

“बिस्कीट,” ते म्हणाले.

“चालेल की,” मी म्हणालो.

“खायचं न्हाई वो. तुमी बिस्कीट दिसतायसा.”

तेव्हापासून चारचौघांत मी ‘मोजणीसाहेब’ आणि घरात ‘बिस्कीट’. नावानं हाक मारलेली मला तरी आठवत नाही.

त्यांच्या रंगवेडामागं एक हिशेब होता आणि तो ते येईल त्याला ऐकवायचे. “पलटणीत सगळी नोकरी दिसू नये असली कापडं घातली. झाडात झाडावानी, मातीत मातीवानी. दिसला की संपला. पेन्शन घिऊन यष्टीतनं उतरलो आणि म्हणालो, बास. आता दिसायचं.”

दिसायचं म्हणजे किती, याला काही धरबंध नव्हता. फाटक जांभळं करायचं ठरलं. दुकानातल्या शेडकार्डावरचा एकही जांभळा पसंत पडेना. दुसऱ्या दिवशी मळ्यातलं वांगं तोडलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि दुकानदारापुढं ठेवलं. “ह्यो रंग.” दुकानदार जैन, सोशिक माणूस. तो रंग कालवत बसला आणि कालवता कालवता दुपार झाली. वांगं सुकलं. सुभेदारांनी काम थांबवलं. “आता ह्यो रंग ऱ्हायला न्हाई. उद्या ताजं आणतो.” फाटक रंगून होईपर्यंत, जन्मात वांगं न खाल्लेल्या त्या माणसाच्या गल्ल्याशेजारी वांग्यांचा ढीग साचला होता.

एकदा त्यांचा पलटणीतला दोस्त वारला. मयतीला सगळे पांढऱ्यात आणि सुभेदार हळदीसारख्या पिवळ्या शर्टात. थोरला मुलगा सांगलीहून आला होता, तो कानाशी लागला, “आण्णा, लोक बघायला लागलेत.”

“बघू देत. त्याला मी ह्या शर्टात आवडायचो. जाता जाता वळखायला नको व्हय मला?”

ही गोष्ट मी ऑफिसात तिखटमीठ लावून सांगितली होती. लोक पोट धरून हसले होते. मीही.

त्यांच्या नादानं मी एकदाच शहाणपणा केला. साताऱ्याहून येताना मिरचीसारखा लाल शर्ट घेतला आणि तो घालून मोजणीला गेलो. वांगी गावाकडच्या बाजूला उसाचं रान होतं. पोचल्यावर कळलं, निशाणाच्या झेंड्या ऑफिसातच राहिल्यात. आमचा शिपाई बांधावरून माझ्याकडं टक लावून बघायला लागला. मग म्हणाला, “साहेब, तुमी असं करा. त्या कोपऱ्यावर जाऊन उभं ऱ्हावा. लांबनं लय बेस दिसतायसा.” दिवसभर मी झेंडी होतो. ह्या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर. शेतकरी एकमेकांना सांगत होते, “त्यो तांबडा साहेब दिसतोय न्हवं, तितनं आपली हद्द.”

संध्याकाळी हे ऐकून सुभेदारांना हसून हसून ठसका लागला. डोळे पुसत म्हणाले, “बघा, बिस्कीट. जल्मात पैल्यांदा कुणाला तरी दिसलासा.”

मी तो शर्ट ट्रंकेत तळाशी घातला आणि पुन्हा फिकट झालो.

आता वाकळेबद्दल सांगायला हवं, कारण बाकीचं सगळं तिच्या अवतीभवतीचं आहे.

वाकळ आमच्याकडं घरोघर असते. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर घालायचे, वर मिळतील ती ठिगळं लावायची, धावदोरा मारायचा की झालं पांघरूण. सुभेदारांच्या आईनं मात्र काळ्याभोर चंद्रकळेवर आठ टोकांची एकच चांदणी पसरली होती, ह्या काठापासून त्या काठापर्यंत. वाकळ सुभेदारांच्या जन्माआधीची आणि तिच्यातली लुगडी आईच्या लग्नाच्याही आधीची. ती कुणी पांघरायची नाही. ती बघायची. पितृपंधरवड्यात, नवरात्राच्या आधी, सगळ्या घरातलं अंथरूण-पांघरूण कालव्यावर धुवायला जायचं, तेव्हासुद्धा ही वाकळ सुभेदारांच्या खोलीबाहेर पडत नसे. आणि मनात आलं की सकाळच्या कोवळ्या उन्हात ती गच्चीवरच्या दोरीवर टाकायचे. “दुपारचं ऊन रंगास्नी मारतं,” म्हणायचे.

पहिल्यांदा मला दाखवली तेव्हा अगदी परेडसारखी दाखवली. “हितं उभं ऱ्हावा. वाकळंकडं पाठ करा. आता वळा. बघा.” मी बघितलं. “जवळनं न्हाई कळायची. मागं सरा. आणखी. आणखी मागं.” मागं मागं सरत मी थेट सूनबाईंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर बसलो. कडाड आवाज झाला. सूनबाई जिन्यातून धावत आल्या. सुभेदारांनी मान वळवली नाही. “कुरडया ऱ्हाऊ द्या. काय दिसलं?”

“छान आहे,” मी कुरडयांतूनच म्हणालो.

त्यांनी हळूच वाकळ दोरीवरून उतरवली. “छान म्हंजे बघितली न्हाई,” म्हणाले आणि घडी घालायला लागले.

वाकळेत नारिंगीला खेटून गुलबक्षी. दुसरी एखादी जपून वागणारी बाई असती तर मधे पांढरी पट्टी घालून दोघांना लांब बसवलं असतं. सुभेदारांच्या आईनं मांडीला मांडी लावून बसवले होते, भांडण विसरायला लावलेल्या जावांसारखे. त्यांच्यापुढं हळदी पिवळा, त्याच्या अंगावर रेललेला जांभळा. सात टोकं डाळिंबी लाल आणि आठवं, खालच्या उजव्या कोपऱ्याकडचं, एकदम पोपटी. लाल कापड संपलं म्हणून नव्हे. काठाला तेच लाल चांगलं रुंद लावलेलं होतं. तिनं ठरवून पोपटी लावला होता. आणि सगळ्याच्या मध्यावर, जिथं आठही पाकळ्या येऊन मिळतात, तिथं एक मातकट तुकडा. धड तपकिरी नाही, धड करडा नाही.

हे सगळं मी आज सांगतोय. तेव्हा ते माझ्या डोळ्यांपुढं होतं, एवढंच. त्या मातकट तुकड्याबद्दल तर मला वाटायचं, म्हातारीचं शेवटी कापड संपलं असावं.

सुभेदारांचा मला एक ठरलेला प्रश्न असायचा. “ह्यात समद्यात धीट रंग कुठला?”

“नारिंगी.”

“न्हाई.”

पुढच्या खेपेला मी म्हणायचो, “गुलबक्षी.”

“न्हाई.”

“तो पोपटी. एकटाच वेगळा आहे.”

“जवळ आलासा. पर न्हाई.”

“मग सांगून टाका ना.”

“सांगून काय उपेग? माझं डोळं तुमास्नी लावू व्हय?” आणि मग, क्वचितच, आवाज खाली आणून, “पांघरणारं लय मिळत्याल वो. मी गेल्यावर ही बघणारा एक तरी मागं ऱ्हायला पायजे.”

घरात तसं कुणी नव्हतं. थोरल्याचा सांगलीत फ्लॅट, धाकट्याचा जीव उसात, मुलगी आष्ट्याला दिलेली. सगळी चांगली माणसं. वाकळेवर सगळ्यांची माया होती, पण ती आज्जीवरची माया. वाकळ कुणी बघितली नव्हती. राहता राहिलो मी. सुभेदारांनी भाडेकरूवर एवढी भिस्त ठेवली, ही त्यांची आयुष्यातली एकमेव चुकलेली निवड.

मग जमिनीचे वाटे करायचे ठरले. मुलीनं हक्क सोडून सही करावी अशी भावकीची सूचना आली, ती सुभेदारांनी अंगणातूनच परत पाठवली. “ल्योक दोन, ल्येक एक, आणि मी अजून जित्ता हाय. वाटं चार.” रीतसर मोजणी पुढं व्हायची होती, पण आधी घरातल्या घरात अंदाज यावा म्हणून फीत मीच धरली. आमच्याकडं वाटणी कशी होते ते सांगतो. हे रान एकाला आणि ते रान दुसऱ्याला, असं कुणी मान्य करत नाही. प्रत्येक रानाचे उभे पट्टे पाडायचे. म्हणजे कालव्याकडचा ओलावाही सगळ्यांना सारखा आणि माथ्यावरचा मुरूमही सारखा. मी ते इतकं चोख केलं की संध्याकाळी तिन्ही भावंडं माझ्यावर खूष होती. पुरणपोळीचा आग्रह माझ्याच ताटात चालला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी हुशार म्हणून मिरवत होतो, आणि तो नेमका त्या दिवशी.

जेवणं झाल्यावर मुलगी म्हणाली, “आण्णा, रान काय, हाय ते हाय. मला आज्जीची वाकळ द्या.”

“तुझ्याकडं आष्ट्यात उंदीर किती,” थोरला म्हणाला. “मी फ्लॅटवर नेतो, जपून ठेवतो.”

धाकटा हसत म्हणाला, “ती ह्या घरातली हाय. हितनं हालायची न्हाई.”

“घर काय तुझ्या एकट्याचं हाय व्हय रं?” मुलगी म्हणाली आणि हसणं तिथंच संपलं. लहानपणापासूनचं एकेक निघायला लागलं. आईच्या पाटल्या कुणी नेल्या, आजारपणात कोण आलं, कोण नाही. दिवसभर जमिनीवरून न झालेलं भांडण वाकळेवरून उभं राहिलं.

सुभेदार उठले. वाकळ आणून अंगणात अंथरली. माझ्याकडं बघून म्हणाले, “मोजणीसाहेब, हिचीबी मोजणी करा.”

मला ती चेष्टा वाटली. त्यांची चेष्टा तशीच असायची, तोंडावरची रेघ न हलवता. सगळ्यांनाच तशी वाटली असणार, कारण सगळे हसले. ताणही सैल झाला. मला चेव आला. मी फीत आणली, सूनबाईंनी शिवणाचा खडू दिला. मोजताना लक्षात आलं की वाकळ एका अंगाला बोटभर जास्त भरते. मग तो फरक चारी पट्ट्यांत सारखा वाटून घेतला. धाकटा म्हणाला, “वाकळंतबी नापीक तुकडा, पोटखराबा धरताय का, साहेब?” पुन्हा हशा. मी गुडघ्यांवर सरकत, जीभ दातांत धरून, काळ्या चंद्रकळेवरून, लाल टोकांवरून, नारिंगी-गुलबक्षीवरून सरळ रेघा मारल्या. मधली रेघ नेमकी त्या मातकट तुकड्यातून गेली. ती इतकी बरोबर मध्यावर गेली याचाही मला आनंद झाला.

मी उठून हात झाडले. सुभेदारांनी विचारलं, “झाली मोजणी?”

“झाली.”

“मागं सरा.” मी सरलो. “आता सांगा. काय दिसतंय?”

कितीदा विचारला होता त्यांनी हा प्रश्न मला. तेच शब्द, तोच आवाज. मी वाकळेकडं बघितलं आणि अभिमानानं म्हणालो, “चारी वाटे समान आहेत.”

ते पोरांकडं वळले. “आणि कुणाला काय दिसतंय?”

“बरोबर आहे की,” थोरला म्हणाला. “कुणाची तक्रारच नको.”

“मला फकस्त त्यो पोपटी माझ्याकडं येऊ दे,” मुलगी म्हणाली. तिला पोपटी आवडत होता, यात तिची काही चूक नव्हती.

“कात्री आण गं,” सुभेदारांनी सुनेला सांगितलं.

कात्री आली तरी मला वाटत होतं, आता हे हसतील. त्यांनी फेटा काढून बाजूला ठेवला, खाली बसले आणि पहिल्या रेघेवर कात्री धरली. जुन्या कापडाचे इतके थर एकदम कापताना जो आवाज होतो तो कुरडया मोडल्यासारखा असतो. मी म्हणालो, “सुभेदार, अहो, थांबा जरा.”

त्यांनी वर न बघता सांगितलं, “हरकत मोजणीच्या वेळंला घ्यायची असती, साहेब. तुमीच म्हणता न्हवं शेतकऱ्यास्नी?”

चार पट्टे झाले. एक धाकट्याला, एक मुलीला, पोपटी टोकासकट. मधले दोन राहिले, त्यातला एक थोरल्याला आणि एक त्यांनी स्वतःला ठेवला.

कापलेल्या वाकळेच्या कडा उसवतात, थर सुटतात. दुसऱ्या दिवशी ते माडीवर आले आणि म्हणाले, “एखादा जुना शर्ट द्या. तुमचाच, रोजचा.” मला वाटलं, सायकल पुसायला हवा असेल. दिला. मग काही दिवस ते गच्चीवर चारी पट्टे आणि पलटणीतली सुई-दोऱ्याची पिशवी घेऊन बसलेले दिसायचे, पाठ माझ्याकडं. मी जिन्यातूनच परत फिरायचो. काय शिवताय, असं विचारायला मला तोंड नव्हतं. आता मला ‘बिस्कीट’ म्हणणं त्यांनी सोडलं होतं. घरातही ‘मोजणीसाहेब’च म्हणायचे. वांग्याच्या रंगाच्या त्या फाटकातून मी बदली होऊन बाहेर पडलो तेव्हा ते फाटकापर्यंत आले. “जेवत जावा वेळंला,” एवढंच म्हणाले. धीट रंग कुठला, ते त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

ते गेल्याचा निरोप आला तेव्हा मी साताऱ्याहून निघालो. ट्रंक उघडली होती. तळाशी तो मिरचीचा लाल शर्ट होता. हातात घेतला आणि परत ठेवला. लोक काय म्हणतील, हे मी थोरल्याहून जास्त मनापासून मानणारा माणूस. पांढरा शर्ट घालून गेलो. सगळे पांढऱ्यातच होते. सुभेदारही पांढऱ्यातच होते. ओळखायला कुणी सोपं ठेवलं नव्हतं, ना त्यांनी आम्हाला, ना आम्ही त्यांना. शेवटच्या दिवसांत त्यांचा वाकळेचा पट्टा त्यांच्या अंगावर होता. त्यामुळं रीतीप्रमाणं तो गेलेल्या माणसाच्या अंथरुणाबरोबर गेला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. रीत होती.

धाकट्याचा पट्टा ट्रॅक्टरच्या सीटवर बरीच वर्षं होता. मुलीच्या पट्ट्यावर तिची नातवंडं निजतात, पोपटी टोक तोंडात घालतात असं ती कौतुकानं सांगते.

मी आता निवृत्त आहे. गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी सांगलीला गेलो होतो, तेव्हा थोरल्यानं आग्रहानं फ्लॅटवर नेलं. दिवाणखान्याच्या भिंती, सोफा, पडदे, सगळं माझ्या जुन्या कपड्यांच्या रंगाचं. आणि समोर, काचेच्या चौकटीत, आज्जीच्या वाकळेचा तो उभा पट्टा.

“इंटिरियरवाल्यानं सुचवलं,” थोरला म्हणाला. “छान दिसतं ना?”

मी जवळ गेलो. कापलेल्या कडेला किनार शिवलेली होती, माझ्या शर्टाची. लाल नाही, जांभळी नाही. हा माणूस, ज्यानं वांगं सुकलं म्हणून रंग थांबवला, त्यानं चारी पट्ट्यांना बिस्किटाची किनार लावली होती. मला वाटलं, चांगली चपराक आहे. मारून गेले. मग नजर त्या मधल्या मातकट तुकड्याच्या उरलेल्या अर्ध्यावर गेली. तो अर्धा आणि माझी किनार एकमेकांना लागून होते, आणि कुठं एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते कळत नव्हतं. सगळ्या शर्टांतून, सगळ्या रंगांतून त्यांनी तो जुळवून काढला होता. मी नारिंगीकडं बघितलं, मग पुन्हा त्या तुकड्याकडं. हा तिथं नसता तर आठही पाकळ्या एकमेकींवर कोसळल्या असत्या. इतक्या आरडाओरड्यात, अगदी मधोमध, असला गप रंग लावायला त्या बाईला किती छाती लागली असेल.

धीट रंग हाच, हे बरोबर की चूक, ते विचारायला आता कुणी नाही. एकदा तरी “न्हाई” ऐकायला मिळालं असतं तरी चाललं असतं.

“साहेब, चहा,” थोरला म्हणाला.

मी मागं सरलो. टीपॉय पोटरीला लागला, कप हिंदकळले. “अहो, सांभाळून,” तो म्हणाला. मी आणखी मागं सरलो, दाराबाहेर, चपलांच्या रॅकला धक्का देत, पार लिफ्टपर्यंत. उघड्या दारातून तो पट्टा लखलखत होता, आणि मी लिफ्टच्या दाराला पाठ टेकवून उभा होतो. यापेक्षा मागं सरायला जागा नव्हती, आणि चांदणी काही पुरी होत नव्हती.